दोन वर्षं जर्मनीत. घर, शेती, आईवडील नाशकात : मागची घडी कशी बसवून जावं?

पाथर्डी_फाटा

नमस्कार मंडळी,

अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत आहे. कंपनी जानेवारीत दोन वर्षांसाठी स्टुटगार्टला पाठवते आहे. मी, बायको आणि पहिलीतली मुलगी. व्हिसा, तिकडचं भाड्याचं घर, शाळा यावर वाचायला भरपूर मिळालं. मागे जे राहतं त्याबद्दल मात्र जो तो एकच सांगतो, "काळजी करू नको, आजकाल सगळं ऑनलाइन होतं." सगळं म्हणजे काय काय ते लिहून काढायला बसलो तर वहीची पानं भरत गेली.

पसारा असा. पाथर्डी फाट्याला टू बीएचके, त्यावर गृहकर्ज चालू. इंदिरानगरला आईवडील. वडील चौऱ्याहत्तर वर्षांचे, पेन्शन आहे, पण मोबाइल म्हणजे त्यांच्यासाठी व्हॉट्सॲप आणि भजनं. दिंडोरी तालुक्यात थोडी वडिलोपार्जित जमीन, सातबाऱ्यावर माझं आणि पुण्यातल्या मोठ्या भावाचं नाव. गावातला एक जण वाट्याने करतो. शिवाय पीपीएफ, एसआयपी, मुलीचं सुकन्या, एक लॉकर, एक गाडी. नाशकातलं माझं माणूस म्हणजे धाकटी बहीण. नाशिकरोडला असते, स्वतःची नोकरी आहे.

घरच्यांचा सूर असा, की मेव्हण्याच्या नावाने कुलमुखत्यारपत्र करून टाक आणि मोकळा हो. माणूस सरळ आहे, प्रश्न विश्वासाचा नाही. तरी हात अडतोय. फ्लॅट भाड्याने द्यावा की बंद ठेवावा तेही ठरत नाही. ज्यांनी हे सगळं निस्तरलंय त्यांनी सांगा.

जुना_कॅशियर

अभिनंदन! उभी हयात बँकेत गेली, त्यामुळे आधी बँकेचं.

नोकरीसाठी परदेशी निघालात की फेमा (परकीय चलनाच्या) कायद्याच्या लेखी तुम्ही अनिवासी. तिथे दिवस मोजत बसायचे नसतात. १८२ दिवसांचा हिशेब आयकराचा, तो निराळा. लोक या दोन्हींची कायम गल्लत करतात.

आहे ते बचत खातं एनआरओ करून घ्या. भाडं, लाभांश, ठेवीचं व्याज, इथे मिळणारा पैसा त्यात जमा होईल. तिकडच्या पगारातून पाठवाल त्यासाठी वेगळं एनआरई उघडा. एनआरईचं व्याज इथे करमुक्त आणि रक्कम केव्हाही परत बाहेर नेता येते. एनआरओच्या व्याजावर बँक तीस टक्के अधिक उपकर कापते, आणि त्यातून बाहेर न्यायला आर्थिक वर्षाला दहा लाख डॉलरची मर्यादा आहे. आपल्यासारख्यांना ती मर्यादा लागायची नाही म्हणा. गृहकर्जाचा हप्ता दोन्हीपैकी कुठल्याही खात्यातून जातो.

आता काउंटरवर आपणहून कोणी सांगत नाही अशी एक गोष्ट. वडिलांच्या निवासी बचत खात्यात तुमचं नाव दुसरं म्हणून 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' (दोघांपैकी कोणीही चालवायचं) पद्धतीने राहू शकतं, तुम्ही अनिवासी झालात तरी. जवळच्या नात्यात रिझर्व्ह बँकेने ती मुभा दिलेली आहे. तिथून वडिलांची बिलं, औषधं तुम्ही तिकडे बसून भरू शकता. फक्त तो पैसा वडिलांचा, तुमचं भाडंबिडं त्यात वळवायचं नाही. उलट तुमच्या एनआरई खात्यात वडिलांचं नाव घातलंत तर ते 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर'. म्हणजे तुम्ही हयात असेपर्यंत त्यांना तुमचे मुखत्यार म्हणूनच व्यवहार करता येतो.

लॉकरला बहिणीचं नाव जोडा, आणि निघायच्या आधी तिला एकदा बरोबर नेऊन उघडून दाखवा. सगळ्या खात्यांचे नॉमिनी तपासा. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार नॉमिनी देता येतात. माझ्या पाहण्यात निम्म्या लोकांच्या खात्यावर लग्नाआधीचा नॉमिनी असतो, आणि तो वारलेला असतो.

मनमौजी_मखमलाबाद

एवढं कशाला? दोन वर्षांचाच तर प्रश्न आहे. बँकेला सांगायचंच नाही. आमच्या ऑफिसातून दरवर्षी पोरं जातात, कोणी काही सांगत नाही, कोणाचं काही बिघडलेलं नाही.

सीए_कॉलेजरोड

मनमौजीदादा, बिघडलेले आमच्याकडे येतात, ऑफिसात सांगत बसत नाहीत. :)

फेमात दंड गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो. रोजच्या जगण्यात त्याहून आधी त्रास होतो तो केवायसीचा. बँक पत्ता, पासपोर्ट, करनिवास विचारते, तुम्ही 'निवासी' म्हणून सही करून बसलेले असता, आणि दुसरीकडे म्युच्युअल फंडाच्या नोंदीत वेगळंच काही असतं. मग खातं गोठतं आणि ते सोडवायला तुम्हीच नाशकात लागता.

धागाकर्ते, तुमच्या बाबतीत एक गंमत आहे. तुम्ही जानेवारीत निघताय. म्हणजे त्या आर्थिक वर्षात तुमचे भारतातले दिवस १८२ च्या पुढे गेलेले असणार. फेमासाठी अनिवासी, पण आयकरासाठी त्या वर्षापुरते निवासीच. जानेवारी ते मार्चचा जर्मनीतला पगार इथल्या विवरणपत्रात दाखवायचा. तिकडे भरलेल्या कराचं श्रेय दोन देशांमधल्या करारामुळे मिळतं, पण त्यासाठी तिकडच्या पगाराच्या पावत्या आणि कर भरल्याचा पुरावा लागतो. पहिल्या महिन्यापासून कागद जपा. पुढच्या वर्षापासून अनिवासी म्हणून विवरणपत्र. तेव्हा आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ भरायचं. ८७ए ची (कमी उत्पन्नावरच्या कराची) सूट अनिवासींना नाही, आणि १५जी लिहून देऊन टीडीएस वाचवण्याची सोयही नाही.

(१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला, कलमांचे आणि फॉर्मांचे क्रमांक हलले. वर लिहिलेत ते लोकांच्या तोंडी बसलेले जुने. पोर्टलवर नवे बघून घ्या.)

आता फ्लॅट. तुम्ही अनिवासी झालात की भाडेकरूने भाड्यातून तीस टक्के आणि त्यावर चार टक्के उपकर, मिळून ३१.२ टक्के कापून सरकारजमा करायचे असतात. इथे पन्नास हजारांची वगैरे मर्यादा नाही, पहिल्या रुपयापासून. पंधरा हजार भाडं असेल तर तुमच्या हातात दहा हजार तीनशे वीस. बाकीचे परत मिळतात, पण विवरणपत्र भरल्यावर. शिवाय भाडेकरूला टॅन (कर कापणाऱ्याचा क्रमांक) काढा, तिमाही विवरण भरा, एवढं सगळं. साधा नोकरदार भाडेकरू हे ऐकूनच दुसरं घर बघतो. कंपनी भाड्याने घेणार असेल तर त्यांच्याकडे टॅन असतोच, त्यांना त्याचं काही वाटत नाही. अंबड-सातपूरच्या कंपन्या बाहेरून आलेल्या इंजिनिअरांसाठी घरं बघत असतात, तिकडे विचारा. कमी दराने कपातीचं प्रमाणपत्रही आयकर खात्याकडून मिळतं, पण दरवर्षी काढावं लागतं.

पीपीएफ चालू ठेवता येतं, पंधरा वर्षं पूर्ण होईपर्यंत. अनिवासींना पुढे मुदतवाढ मिळत नाही. सुकन्या मात्र निवासी मुलींसाठीच आहे. पोस्टात जाऊन मुलीचा निवास बदलतोय हे लेखी द्या, पोच घ्या. खिडकीवरच्या तोंडी उत्तरावर जाऊ नका.

पदसिद्ध_सचिव

सोसायटीच्या बाजूने माझे दोन पैसे. (आमच्याकडे कोणी सचिव व्हायला तयार नसतं म्हणून मी. आयडी त्यावरूनच.)

भाड्याने द्याल तर लिव्ह अँड लायसन्स नोंदणीकृतच हवं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे, भाडेकरूची नाही. आधार आणि अंगठ्यावर घरबसल्या होतं. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायची आणि तिची प्रत सोसायटीला.

नॉन-ऑक्युपन्सी चार्जवरून (मालक स्वतः राहत नसला की सोसायटी घेते तो) लोक भांडायला येतात म्हणून आधीच सांगतो. २००१ च्या शासन आदेशानुसार तो सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. मनपाचा कर त्या हिशेबात धरायचा नाही. आईवडील, भाऊबहीण राहात असतील तर घेताच येत नाही. कोणी दुप्पट मेंटेनन्स मागितला तर लेखी मागा, आवाज लगेच खाली येतो.

आणि करारात एक ओळ घाला. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. पोटभाडेकरू, पेइंग गेस्ट, रोजच्या भाड्याने खोल्या देणं, काही चालणार नाही असं स्पष्ट लिहा. नाहीतर तुम्ही तिकडे बर्फ बघत बसाल आणि इकडे तुमच्या टू बीएचकेत पर्वणीला वीस माणसं उतरलेली असतील.

गोदाकाठची_मैना

सचिवसाहेब, बंद ठेवला तरी तीच गत! आमच्या जाऊबाईंचा फ्लॅट पंचवटीत रिकामा आहे. आख्ख्या खानदेशातल्या पाहुण्यांनी आत्तापासून धर्मशाळा म्हणून नोंद करून ठेवलीय. किल्ली कोणाकडे आहे हे चारचौघांत सांगू नका, एवढाच सल्ला.

अॅडव्होकेट_सीबीएस

कुलमुखत्यारपत्राबद्दल. हात अडतोय ते बरंच आहे.

कुलमुखत्यार म्हणजे 'माझ्या वतीने सर्व काही'. आपल्याला सर्व काही नको असतं. आपल्याला हवं असतं की फ्लॅटचा भाडेकरार करावा, सोसायटीत आणि मनपात सही करावी, महावितरणला अर्ज द्यावा, कर्जाच्या बँकेतून कागद आणावा. तेवढंच लिहा, त्याला विशेष मुखत्यारपत्र म्हणतात. मिळकतीचं वर्णन, कोणती कामं, कोणत्या तारखेपर्यंत. विक्री, गहाण, बक्षीसपत्र यांचा अधिकार दिलेला नाही, असं वेगळं वाक्य घाला. जमिनीसाठी हवंच असेल तर दुसरं. एकाच कागदात फ्लॅट आणि शेती कोंबू नका, कारण मूळ प्रत एका ऑफिसात अडकली की दुसरीकडचं काम थांबतं.

आता मेव्हणा की बहीण? ज्याला प्रत्यक्ष पळायचंय त्याच्या नावाने करा. बरेचदा कागद जावयाच्या नावाने होतो आणि पळते लेक. मग प्रत्येक सहीला त्याची रजा.

निघण्याआधी इथेच दुय्यम निबंधकाकडे करून घ्या. तिकडून करायचं झालं तर म्युनिकच्या आपल्या वाणिज्य दूतावासात जाऊन साक्षांकन, मग मूळ कागद कुरिअरने इकडे, आणि तो महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरायचा. होतं सगळं, पण तुम्हाला त्या दिवशी रजा टाकून ट्रेनने जावं लागणार.

बँका स्वतःचा मँडेटचा (खातं दुसऱ्याने चालवायच्या परवानगीचा) फॉर्म मागतात. नोंदणीकृत मुखत्यारपत्र दाखवलं तरी 'आमच्या नमुन्यात आणा' म्हणतात. तो फॉर्म वेगळा भरून जा. आणि लिहून देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर मुखत्यारपत्र संपतं, म्हणून ते मृत्युपत्राची जागा घेऊ शकत नाही. इच्छापत्र केलं नसेल तर याच फेरीत उरका.

मनमौजी_मखमलाबाद

मग आमच्या काकांनी मुखत्यारपत्रावरच प्लॉट घेतला तो?

अॅडव्होकेट_सीबीएस

२०११ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आहे, नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही. काकांना वेगळा धागा काढायला सांगा.

दुबई_व्हाया_ओझर

सिम कार्डाचं कोणी बोललंच नाही! बाकी सगळं जमेल, ओटीपी आला नाही तर सगळं ठप्प.

निघण्याआधी बँकेला जोडलेल्या सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या. तिथे पोचून मागितलं की पडताळणीसाठी पुन्हा ओटीपीच मागतात. ९० दिवस काहीच वापर नाही आणि शिल्लक वीस रुपयांच्या खाली, असं झालं तर नंबर बंद होऊन दुसऱ्याला जाऊ शकतो. तेव्हा रिचार्जची तारीख फोनमध्ये टाकून ठेवा. आणि दोघांची सिम वेगवेगळ्या कंपन्यांची ठेवा.

आम्हा आखातातल्या लोकांना तिकडच्या नंबरवर यूपीआय चालतं, एनआरई-एनआरओ खात्याला जोडून. २०२३ च्या जानेवारीत यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने दहा देश जाहीर केले, त्यात अमेरिका, इंग्लंड, सिंगापूर, यूएई वगैरे. जर्मनी त्या यादीत नव्हता. म्हणजे तुमचं भारतीय सिम जिवापाड जपा.

इसारकाठी

म्युनिकहून. मूळची गंगापूर रोडची.

दोन गोष्टी भारतात कोणी सांगणार नाही. पहिली, पीएफ. भारत आणि जर्मनीमधला सामाजिक सुरक्षेचा करार १ मे २०१७ पासून लागू आहे. भारतातल्या कंपनीने डेप्युटेशनवर पाठवलं आणि पीएफ तिकडे चालू राहिला, तर ४८ महिन्यांपर्यंत इथली पेन्शनची वर्गणी वेगळी भरावी लागत नाही. त्यासाठी कंपनीमार्फत ईपीएफओकडून कव्हरेज सर्टिफिकेट काढायचं. निघण्याआधी एचआरच्या मागे लागा. नंतर मागे लागून कपात झालेले पैसे परत मिळवणं फार जिकिरीचं.

पण हे डेप्युटेशनला. तुमचा करार थेट जर्मन कंपनीशी होणार असेल तर हे लागू नाही. ऑफर लेटर नीट वाचा, आपली माणसं दोन्हीला 'ऑनसाइट'च म्हणतात.

दुसरी. एनआरईचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी जर्मनीत नाही. इथे करनिवासी झालात की जगभरचं व्याज इथल्या विवरणपत्रात येतं. 'टॅक्स फ्री' ऐकून लोक मोठी रक्कम एनआरई ठेवीत टाकतात आणि इथे दाखवत नाहीत. दोन्ही देश एकमेकांना खात्यांची माहिती पाठवतात, लक्षात ठेवा.

टेक्सासची_मिसळ

अवांतर, पण धागा वाचून अमेरिकेला निघालेलेही येतील म्हणून. अमेरिकेत करनिवासी झालात आणि भारतातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात कधीही दहा हजार डॉलरच्या वर गेली, तर एफबार (परदेशी खात्यांची माहिती द्यायचा फॉर्म) भरायचा. एकाच दिवशी गेली असली तरी. वडिलांच्या खात्यात तुमचं नाव दुसरं असेल तर तेही धरायचं. जुना_कॅशियर काकांचा सल्ला जर्मनीला ठीक, अमेरिकेला हे लक्षात ठेवून. आपले म्युच्युअल फंड तिथे करासाठी मोठी डोकेदुखी होतात, निघण्याआधी जाणकाराला विचारा.

वाचनखूण साठवली आहे.

बागायतदार_दिंडोरी

शेतीचं कोणी बोलंना म्हणून मी.

भाऊ, वाट्याने तोंडी देऊन चाललाय तर आधी त्या माणसाबरोबर बसा आणि थोरल्या भावासमोर लिहून घ्या. खतं-औषधाचा खर्च कोणाचा, माल कोण विकणार, पट्टी कोणाच्या नावे होणार. द्राक्षं असतील तर एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची छाटणी या दोन टायमाला पैसा लागतो, तेव्हा फोन येणारच. 'पाठवतो' म्हणून आठवडा लावला तर बाग थांबत नाही.

ई-पीक पाहणी दर हंगामात झाली पाहिजे. ॲपवर वावरात उभं राहून फोटो काढावा लागतो, जर्मनीतून होत नाही. ती राहिली तर सातबाऱ्यावर पीक लागत नाही, आणि गारपीट झाली की पंचनाम्याच्या वेळी बोंब. करणाऱ्याच्या फोनमध्ये ॲप टाकून एकदा करवून घ्या.

'आपली चावडी' नावाची सरकारी साइट आहे. गाव निवडलं की चालू फेरफाराच्या नोटिसा दिसतात. हरकतीला पंधरा दिवस असतात. चहा पिताना महिन्यातून दोनदा बघायची सवय लावा. डिजिटल सहीचा सातबारा तर तिथून कधीही निघतो. इतर हक्कात विकास सोसायटीच्या कर्जाचा बोजा नवीन चढलाय का, तेवढं बघायचं.

पीएम किसानचे दोन हजार येत असतील तर ते अनिवासींना नाहीत. बंद करून जा, पुढे वसुली नको.

सिडकोची_लेक

मी या धाग्यावर दुसऱ्या बाजूने लिहिते. माझा भाऊ बरीच वर्षं बाहेर आहे आणि मी 'इथे असलेली' आहे. तुमच्या धाग्यात बहिणीला एक ओळ मिळालीय, "स्वतःची नोकरी आहे". त्या ओळीपाशी थोडं थांबा.

वर एनआरओ, एनआरई, मुखत्यारपत्र, सगळं बरोबर लिहिलंय. ते एकदा लावलं की लागतं. उरतं ते माझ्याकडे. भावाचा फ्लॅट बंद असतो. पावसाळ्यात त्यांच्या टॉयलेटच्या फ्लशचा बॉलकॉक बिघडला, पाणी वाहत राहिलं आणि खालच्या काकूंच्या हॉलच्या छताला ओल आली. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो पडले. भाऊ झोपलेला होता. काकूंसमोर उभी मी. प्लंबर म्हणाला रविवारी येतो, आला सोमवारी, मी अर्धा दिवस रजा टाकली. काकूंच्या छताचा रंग कोणी द्यायचा यावर भाऊ तिकडून फोनवर कायदा सांगत होता आणि काकू माझ्याकडे बघत होत्या. पैसे त्याने दिले, लगेच दिले. पैशाची तक्रार नाहीच.

मला काय हवं होतं ते सांगते, तुमच्या बहिणीला उपयोगी पडेल. घराचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे ते दाखवून जा आणि बंद करून जा. मेन स्विचवर कुठला एमसीबी कशाचा ते पट्टी चिकटवून लिहा. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, गॅसवाला यांना निघण्याआधी फोन करून सांगा, की बहिणीचा फोन आला तर माझाच समजा. दर पंधरवड्याला घर उघडून खिडक्या लावायला, झाडायला कामवाल्या मावशी पगारी ठेवा. ते काम बहिणीवर टाकू नका, नाहीतर पहिल्या पावसातच गाद्यांना बुरशी येते आणि कपाटं सादळून दारं लागेनाशी होतात. तिच्या हातात एक रक्कम कायम राहू द्या, हिशेब मागू नका. आणि 'तुला काय, तिथेच तर आहेस' हे वाक्य कधी बोलू नका.

आईला दवाखान्यात न्यायचं असतं तेव्हा जी सुट्टी जाते, ती कुठल्या खात्यातून भरून निघते ते कॅशियर काकांनी सांगावं.

जुना_कॅशियर

ताई, निघत नाही.

गोदाकाठची_मैना

सिडकोची_लेक, +१००. माझ्या नवऱ्याला वाचून दाखवलं. तो गप्प आहे.

पाथर्डी_फाटा

@सिडकोची_लेक, वाचलं. बहिणीशी बोलतो आणि मग लिहितो.

जुना_कॅशियर

वडिलांचं राहिलं होतं, ते लिहून ठेवतो. पेन्शनचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात. आता मोबाइलवर चेहरा दाखवून 'जीवन प्रमाण' होतं, बँकेत जायची गरज नाही. पहिल्या वेळी तुम्ही जवळ बसून करा म्हणजे त्यांची भीती जाईल. सत्तरीच्या पुढच्या सर्वांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मानमध्ये पाच लाखांचं संरक्षण आहे, उत्पन्नाची अट नाही. वडिलांचं कार्ड काढाच. आईंची आधारवरची जन्मतारीख बघा, सत्तर भरली असतील तर त्यांचंही. हे कार्ड चालणारी नाशकातली रुग्णालयं कोणती ती यादी छापून फ्रिजवर लावा. रात्री दोन वाजता कोणी साइट शोधत नाही.

आणि त्यांना बजावून सांगा, व्हिडिओ कॉलवर पोलीस कोणाला अटक करत नाहीत. मुलगा परदेशी आहे हे कळलं की 'तुमच्या मुलाचं पार्सल पकडलंय' असे फोन येतात. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन. वडिलांच्या खात्याची नेटबँकिंगची मर्यादा कमी करून ठेवा, बँकेत सांगितलं की होतं.

सीए_कॉलेजरोड

घरपट्टीचं विसरलो. नाशिक मनपा एप्रिल ते जूनमध्ये आगाऊ भरणाऱ्यांना सवलत देते, जेवढ्या लवकर तेवढी जास्त. ऑनलाइन भरता येते. घरपट्टीवर, वीजबिलावर आणि पाणीपट्टीवर तुमचा ईमेल नोंदवा. महावितरणचा बारा अंकी ग्राहक क्रमांक फोनमध्ये ठेवा. बंद घरालाही स्थिर आकाराचं बिल येतं, ते थकलं तर मीटर जातो.

मनमौजी_मखमलाबाद

गाडीचं काय करताय? घेणारा आहे. :)

पाथर्डी_फाटा

सगळ्यांचे मनापासून आभार. बोलणं झालं, ठरलं ते लिहितो.

बहिणीने सरळ सांगितलं, फ्लॅटची किल्ली आणि आईबाबांचा दवाखाना माझ्याकडे, बँक आणि शेती माझ्याकडे नको. शेती थोरला भाऊ बघेल, पुण्याहून महिन्यातून एक चक्कर मारतो म्हणाला. त्याच्या आणि वाटेकऱ्याच्या समोर सगळं लिहून घेतो आहे. फ्लॅटचं विशेष मुखत्यारपत्र बहिणीच्या नावाने, मेव्हण्याच्या नाही. मेव्हणा हसून म्हणाला, सुटलो.

फ्लॅट बंद ठेवायचा विचार सोडला. ओळखीतून एका कंपनीशी बोलणं चालू आहे, कपात ते करतील. नाही जमलं तर निघण्याआधी पुन्हा इथे येईन. मुलीचं सुकन्या आणि माझं केवायसी या आठवड्यात. एचआरला कव्हरेज सर्टिफिकेटबद्दल विचारलं तर त्यांनी मलाच विचारलं ते काय असतं. इसारकाठी, तुमचा प्रतिसाद त्यांना छापून दिला.

मावशींना बहिणीच्या घरीच आठवड्यातून दोन दिवस जास्तीच्या कामाला लावलंय, पगार मी देणार. हे बहिणीनेच मागितलं. मला सुचलं नसतं.

आणि मनमौजीभाऊ, गाडी एमएच-१५ ची डिझेल आहे, चालेल का? आरसी नावावर करून घ्यायची असेल तरच बोलू. 'नंतर बघू' नाही.

सिडकोची_लेक

बहिणीला माझा नमस्कार सांगा. चांगलं मागितलं तिने.

पदसिद्ध_सचिव

कंपनीला देताना करार कंपनीच्या नावाने असला तरी प्रत्यक्ष राहणाऱ्याचं नाव, फोटो आणि पोलिसांकडची माहिती सोसायटीला द्यायला लावा. माणूस बदलला की नव्याने. आमच्याकडे एकाच करारावर कोण येतं कोण जातं कळत नव्हतं, वॉचमन प्रत्येकाला सलाम ठोकत होता.

मनमौजी_मखमलाबाद

डिझेल चालेल. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

लासलगावकर

उत्तम धागा. माझं थोडं वेगळं आहे. मुलीबरोबर वर्षभर कॅनडाला राहायला जातोय आम्ही दोघं, नोकरी नाही, नुसतं राहणं. तिथे अनिवासी धरतात का? इथेच विचारू की नवा धागा काढू?

सीए_कॉलेजरोड

नवा काढा काका. नोकरीसाठी जाणं आणि राहायला जाणं यांचे नियम वेगळे आहेत, इथे लिहिलं तर पुढच्या वाचणाऱ्याचा घोळ होईल. शीर्षकात 'कॅनडा' टाका म्हणजे मला दिसेल.